मळमळ, मशेरी आणि बाळाचं वजन



गरोदरपणात आईच्या शरीरात गेलेली तंबाखू पोटातल्या बाळाचं काय करते, आणि आता काही देशांत उजळ माथ्यानं विकला जाऊ लागलेला गांजा काय करतो, हे मला आज मांडायचं आहे. मी नवजात बाळांची डॉक्टर. माझं काम बाळ जन्मल्यावर सुरू होतं, त्यामुळे आधीच्या नऊ महिन्यांत काय घडलं ते मला फार उशिरा कळतं. बाहेर नातेवाईक फोनवर सांगत असतात, "बाळाला पेटीत ठेवलंय." कारणं पुष्कळ असतात. आईच्या अंगात रक्त नसतं, रक्तदाब वाढलेला असतो, जुळं असतं, आईचंच वय कमी असतं. या यादीतलं एक कारण मात्र घराच्या फळीवर एका छोट्या डबीत असतं आणि केसपेपरवर क्वचितच उतरतं. त्या डबीपासून सुरुवात करते.

मशेरी म्हणजे काय हे या सभागृहात बहुतेकांना ठाऊक असेल. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची आणि सकाळी बोटानं दातांना लावायची. दात घासायला म्हणून सुरू झालेली मशेरी पुढे जेवणानंतर लागते, मग धुणं-भांडी उरकल्यावर लागते, मग शेतावरून आल्यावर लागते. दिवसातून पाच-सहा वेळा दात घासायची गरज कुणालाच नसते. ती मागणी निकोटीनची असते. तरीही मशेरी लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाही. तपासणीच्या वेळी "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर "नाही बाई" असं उत्तर येतं, आणि ते मनापासून दिलेलं असतं. "मशेरी लावता का?" असं विचारलं की तीच बाई सहज म्हणते, "ती व्हय, लावते की." आपण प्रश्नच चुकीचा विचारतो आणि मग 'व्यसन नाही' असं लिहून मोकळे होतो.

हे दोन-चार गावांतलं खूळ आहे असं कुणी समजू नये. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता यांनी पस्तिशीच्या पुढच्या 99,598 लोकांची पाहणी केली आणि ती 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 57.5 टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या, आणि ती जवळजवळ सगळी धुराविना वापरली जाणारी तंबाखू होती. देशभरात हे प्रमाण याहून कमी आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरातल्या 42.4 टक्के पुरुषांनी आणि 14.2 टक्के स्त्रियांनी तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. पण चौदा टक्के म्हणजे दर सात बायकांत एक. कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी बाकावर किती जणी बसलेल्या असतात ते आठवा.

याच गुप्तांनी आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधक श्रीविद्या यांनी पुढे जे काम केलं, ते प्रत्येक प्रसूतितज्ज्ञाच्या टेबलावर असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईच्या आरोग्य चौक्यांच्या हद्दीत घरोघर जाऊन त्यांनी तीन ते सात महिन्यांच्या गरोदर बायका शोधल्या. अशा 1,217 जणींचा बाळंत होईपर्यंत पाठपुरावा केला. त्यांतल्या 17.1 टक्के जणी धुराविनाची तंबाखू वापरत होत्या, त्यातही बहुतेक मशेरी. आईचं वय, शिक्षण, वजन, घरची परिस्थिती हे सगळं हिशोबात धरल्यावरही तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी निघाली आणि सहा दिवस लवकर जन्मली. हे 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. दोन वर्षांनी गुप्ता आणि सुब्रमणी यांनी त्याच मातांच्या माहितीतून मृत जन्मांचा हिशोब मांडला. तंबाखू न वापरणाऱ्या आयांमध्ये ती जोखीम 3.1 टक्के होती आणि वापरणाऱ्यांमध्ये 8.9 टक्के. जी जितक्या जास्त वेळा वापरत होती, तिची जोखीम तितकी जास्त होती.

कुणी म्हणेल, एकशे पाच ग्रॅमनी असा काय फरक पडतो? साडेतीन किलोच्या गुटगुटीत बाळातून तेवढं वजन गेलं तर लक्षातही येणार नाही, हे खरं. पण आपल्याकडच्या गरीब घरांतली बाळं मुळातच अडीच किलोच्या रेषेच्या आसपास जन्मतात. त्या रेषेच्या थोडं वर असलेली कितीतरी बाळं एवढ्या घटीनं खाली येतात. अडीच किलोच्या खालच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, ते लवकर गार पडतं. त्याची ओढण्याची ताकद कमी, म्हणून दूध कमी जातं, म्हणून रक्तातली साखर उतरते. जंतुसंसर्ग त्याला लवकर गाठतो. शिवाय 105 ही सरासरी आहे. एखाद्या बाळाचं काहीच जात नाही, तर एखाद्याचं पाव किलो जातं, आणि ते कुणाचं जाईल हे आधी सांगता येत नाही. सहा दिवसांचंही तसंच आहे. त्याच अभ्यासात बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मण्याचा धोका तंबाखू वापरणाऱ्यांत जवळजवळ पाचपट आढळला. बत्तीस आठवड्यांच्या आतल्या बाळाची फुप्फुसं तयार नसतात. पुढचा महिनाभर आई-बाप दवाखान्याच्या पायरीवर काढतात.

हे घडतं कसं? वार म्हणजे एक गाळणी आहे, बाळाला नको ते ती अडवते, अशी आपली जुनी समजूत. निकोटीनला ती अडवत नाही. ते वारेतून सहज पलीकडे जातं, आणि गर्भजलात व बाळाच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षाही जास्त प्रमाणात सापडू शकतं. ते गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे बाळाकडे जाणारं रक्त आणि प्राणवायू घटतो. बाळाचा मेंदू घडत असताना पेशींनी कुठे जायचं, कुणाशी जोडलं जायचं हे ठरवणाऱ्या काही संदेशांचे जे ग्राहक असतात, त्यांच्यावरच निकोटीन जाऊन बसतं. जन्मल्यावर ही बाळं काही दिवस चिडचिडी, ताठरलेल्या स्नायूंची असू शकतात. कुशीत घेतलं तरी ती सैल होत नाहीत, आणि आईला वाटतं, आपलंच काही चुकतंय.

धूर ओढणाऱ्या आयांचा अभ्यास जगात जास्त झाला आहे. 1957 मध्ये कॅलिफोर्नियात डब्ल्यू. जे. सिम्प्सन यांनी सिगारेट ओढणाऱ्या आयांना कमी दिवसांची बाळं जास्त होतात हे पहिल्यांदा ठळकपणे मांडलं. धुरात निकोटीनच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड असतो. बाळाचं हिमोग्लोबिन त्याला घट्ट धरून ठेवतं, आणि प्राणवायूसाठीची जागा त्यानं अडवली जाते. अशा बाळांचं वजन सरासरी दोनशे ग्रॅमच्या आसपास कमी भरतं. झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूचा धोका दुपटीहून अधिक वाढतो, दुभंगलेल्या ओठाचं प्रमाणही वाढतं. या अभ्यासांमुळे 1984 च्या अमेरिकी कायद्यानं सिगारेटच्या पाकिटावर गरोदर स्त्रियांसाठी वेगळा इशारा छापायला लावला. आपल्याकडच्या मशेरीला पाकीटच नाही. बाजारातून सुटी पानं आणायची आणि घरच्या तव्यावर भाजायची, तर इशारा छापायचा कुठे? 1992 मध्ये आपल्या सरकारनं दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, 2012 मध्ये महाराष्ट्रानं गुटख्यावर बंदी आणली. दोन्ही निर्णय योग्यच होते. पण कारखान्यावर चालणारा कायदा चुलीपर्यंत पोचत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. बाई गरोदर राहिली की मशेरी कमी होईल अशी आपली अपेक्षा असते. पुष्कळदा ती वाढते. पहिल्या तीन महिन्यांत कोरड्या उलट्या येतात, तोंडाला पाणी सुटतं, सकाळी उठवत नाही. मशेरी लावली की जरा बरं वाटतं, असं बायका सांगतात. दात दुखतात, हिरड्या सुजतात. गरोदरपणात ते होतंच. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि निकोटीन आतड्यांना चालना देतं. घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईची भूकही मशेरीनं मरते. काही घरांत तर बाळ लहान असलं की बाळंतपण सोपं जातं, असंही सांगितलं जातं. म्हणजे तिच्या चार खऱ्या त्रासांवर डबीत एक उत्तर आहे. आपण डॉक्टर तिला एवढंच सांगतो, सोडून दे. त्या चार त्रासांचं काय करायचं हे मात्र सांगत नाही.

गांजाकडे मी याच वाटेनं वळते. गरोदरपणातल्या मळमळीवर गांजा हे काही आजचं खूळ नाही. जमैकाच्या खेड्यांत बायका मळमळीवर गांजाचा काढा घेत. तिथे काम करणाऱ्या संशोधक मेलनी ड्रेहर यांनी हे नोंदवून ठेवलं आहे. आता तेच कोलोरॅडोत दुकानात मिळतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी तिथल्या संशोधकांनी गांजाच्या 400 दुकानांना फोन केले. आपण आठ आठवड्यांची गरोदर आहोत, फार मळमळतं, काय घ्यावं, असं विचारलं. 69 टक्के दुकानांनी गांजाचं काही ना काही घ्यायला सुचवलं. आपल्या घरांतल्या मुली, सुना, भाच्या आज डेन्व्हरला, सॅन होजेला, टोरांटोला आहेत. कॅनडात ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे. दुकान स्वच्छ, डबीवर पान छापलेलं, विकणारा नम्र. 'वनस्पतीच तर आहे,' हा युक्तिवाद तिथे चालतो, तसा आपल्याकडे 'घरचीच तर आहे' हा चालतो. वनस्पती तंबाखूही आहे आणि धोतराही आहे.

मळमळणाऱ्या बायका गांजाच्या दुकानदाराकडे का जातात? याचं एक उत्तर आम्हा वैद्यकीय लोकांच्या इतिहासात आहे. 1957 मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध बाजारात आलं. ते गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं गेलं, आणि हात-पाय नीट न वाढलेली दहा हजारांहून अधिक बाळं जन्मली. 1961 च्या अखेरीला ते तिथे मागे घेतलं गेलं. त्यानंतर गरोदर बाईला कोणतंही औषध द्यायला डॉक्टर घाबरू लागले. भीती रास्त होती, पण तिनं एका निरपराध औषधाचाही बळी घेतला. डॉक्सिलामाइन आणि ब6 जीवनसत्त्व यांची गोळी मळमळीवर चांगली चालत होती. खटल्यांना कंटाळून कंपनीनं 1983 मध्ये ती अमेरिकेतून काढून घेतली. बाळांना तिचा धोका नाही हे अभ्यासांनी दाखवूनही ती तिथे परतली ती थेट 2013 मध्ये. मधल्या तीस वर्षांत गरोदर बाईला सांगितलं गेलं, सहन कर. सहन न झालेल्यांतल्या काही जणींनी दुसरीकडे उत्तर शोधलं, यात मला नवल वाटत नाही. आपल्याकडे ही गोळी आज सहज मिळते. ती वेळेवर लिहून देणं हा व्यसनमुक्तीचाच भाग आहे.

आणि गांजानं बाळाचं काय होतं? इथे मला जरा जपून बोलायला हवं, कारण गांजाचे अभ्यास तंबाखूइतके सरळ नाहीत. गांजा ओढणाऱ्या पुष्कळ जणी सिगारेटही ओढतात, काही दारू घेतात, काहींच्या घरी खायला नसतं. दोष नेमका कुणाचा? ड्रेहर यांनी 1994 मध्ये जमैकातल्या नवजात बाळांची तुलना प्रसिद्ध केली. तिसऱ्या दिवशी फरक दिसला नाही, आणि महिन्याभरानं गांजा घेणाऱ्या आयांची बाळं उलट जास्त स्थिर आढळली. गांजाचे समर्थक हा अभ्यास अजून पुढे करतात. पण बाळं मोजकी होती आणि त्या आया गावात जरा सुस्थितीतल्या, स्वतःचं कमावणाऱ्या होत्या. परिस्थितीचा हात बाळावर किती असतो, हे या अभ्यासानं दाखवलं. गांजा निर्दोष आहे हे त्यानं दाखवलं नाही.

म्हणून मला ओटावा आणि पिट्सबर्ग हे दोन अभ्यास महत्त्वाचे वाटतात. कॅनडातल्या ओटावात पीटर फ्राइड यांनी 1978 पासून मध्यमवर्गीय आयांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. पोटात असताना गांजाशी संपर्क आलेल्या बाळांत जन्मल्यावर कंप जास्त होता, ती चटकन दचकत, डोळ्यांवर पुन्हा पुन्हा उजेड टाकला तरी त्याला सरावत नसत. चौथ्या वर्षी भाषेच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडत. पिट्सबर्गला नॅन्सी डे यांनी 1982 पासून गरीब वस्तीतल्या आयांची मुलं अभ्यासली. दहाव्या वर्षी गांजाशी संपर्क आलेल्या मुलांत अतिचंचलपणा, उतावळेपणा आणि लक्ष न टिकणं जास्त आढळलं. एकीकडे खाऊन-पिऊन सुखी घरं, दुसरीकडे हलाखी, आणि दोन्हीकडे बोट मेंदूच्या वाढीकडेच वळतं. अलीकडे ऑन्टारिओत 6,61,617 गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गांजा घेत असल्याचं सांगणाऱ्यांत 12 टक्के बाळं दिवस भरण्याआधी जन्मली, इतरांत 6.1 टक्के. तंबाखू, दारू, वय, उत्पन्न यांची बरोबरी करून पाहिल्यावरही हा धोका 41 टक्क्यांनी जास्त राहिला. फ्राइड यांच्या काळातला गांजा आजच्यापेक्षा सौम्य होता हेही लक्षात घ्या. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात नशा आणणाऱ्या घटकाचं प्रमाण 1995 मध्ये चार टक्के होतं, ते 2014 पर्यंत बारा टक्क्यांवर गेलं. हा घटक चरबीत साठतो. अंगावर पाजणाऱ्या आईनं घेतला तर सहा दिवसांपर्यंत तो दुधात सापडला आहे. आणि रोज गांजा घेणाऱ्या काहींना त्यानंच न थांबणाऱ्या उलट्या सुरू होतात. मळमळीवरचं औषध म्हणून तो घेणाऱ्या बाईला हे कुणी सांगत नाही.

तंबाखू आणि गांजा दोन्ही घेणाऱ्या आयांच्या बाळांचे हाल सगळ्यांत जास्त होतात. हे संशोधकांनी मोठ्या नोंदींवरून दाखवलं आहे, मी त्यात अधिक शिरत नाही.

हे सगळं ऐकून कुणाला राग येईल आणि तो आईवर निघेल. त्याबद्दल मला फार कळकळीनं बोलायचं आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत गरोदरपणी कोकेन घेणाऱ्या गरीब आयांवर वर्तमानपत्रं तुटून पडली. त्यांची मुलं जन्मभर वाया गेली असं लिहिलं गेलं. दक्षिण कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्ये अशा आईला झालेली शिक्षा कायम केली. त्याच सुमारास फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट अशा मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करत होत्या. कोकेनशी संपर्क आलेली आणि न आलेली त्याच गरीब वस्तीतली मुलं चाचण्यांमध्ये जवळजवळ सारखीच मागे होती, आणि त्यामागे मोठा हात दारिद्र्याचा होता. टेनेसीनं 2014 मध्ये नशेची औषधं घेणाऱ्या गरोदर बायकांना आरोपी करणारा कायदा केला आणि 2016 मध्ये त्याची मुदत संपू दिली. शिक्षेची भीती असलेली बाई तपासणीलाच येत नाही. आपल्याकडे तुरुंग नसेल, पण बोल लावणं आहे. बाळ कमी वजनाचं झालं की चार माणसांत सुनेची डबी निघते. ज्या नवऱ्याच्या विडीचा धूर तिनं नऊ महिने त्याच खोलीत घेतला, त्याला कुणी विचारत नाही. विडीच्या कामावर रोज तंबाखूची धूळ नाकातोंडात घेणाऱ्या बाईनं तर मशेरी कधी लावलीही नसेल. सोलापूर, सिन्नर, निपाणी इथे अशा किती गरोदर बायका सुपात तंबाखू घेऊन बसल्या आहेत! त्यांच्यासाठी पर्यायी काम आणि गरोदरपणात पगारी रजा हाच उपचार आहे.

गडचिरोलीचं उदाहरण मला धीर देतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढे ती गृहभेट देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. त्याच जिल्ह्यात पुष्कळ बाया-माणसं, पोरंही तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात, आणि 2016 पासून तिथे 'मुक्तिपथ' मोहिमेनं दारू आणि तंबाखूविरुद्ध गावं उभी केली आहेत. जी आशाताई बाळाचं वजन करायला घरात जाते, तीच चौथ्या महिन्यात त्या घरी गेली आणि तिनं डबीबद्दल विचारलं, तर पुष्कळ बाळं पेटीपर्यंत येणार नाहीत. कारण पहिल्या तीन-चार महिन्यांत सिगारेट सुटली तर बाळाचं वजन न ओढणाऱ्या आईच्या बाळाच्या जवळपास येतं, हे चांगलं सिद्ध झालं आहे. उशिरा सोडली तरी फायदा आहेच.

आणि एक नेमकं सांगते, कारण याचा गैरसमज जीवघेणा ठरतो. बाळंतिणीची मशेरी सुटली नाही म्हणून अंगावरचं दूध तोडू नका. दूध चालू ठेवायचं आणि मशेरी कमी करत सोडवायची. बाटलीतल्या पातळ दुधानं होणारा जुलाब लहान बाळाला त्याहून घातक असतो.

इथे बसलेल्या प्रत्येक डॉक्टरला, परिचारिकेला, आशाताईला माझी विनंती आहे. पहिल्याच तपासणीत नाव घेऊन विचारा: मशेरी, खर्रा, गुडाखू, तपकीर, विडी. एकांतात विचारा, सासूसमोर नको. हो म्हणाली तर लगेच पुढचं विचारा: मळमळ किती, दात दुखतो का, पोट साफ होतं का, जेवतेस कधी? त्यांवर त्याच दिवशी औषध द्या. गरोदरपणात दातांचे उपचार करता येतात, तिला दातांच्या डॉक्टरकडे पाठवा. आणि घरातल्या मोठ्या बायकांनो, सुनेची मशेरी सोडवायची असेल तर तिच्याबरोबर तुमचीही डबी बाजूला ठेवा, आणि तिला आधी जेवायला वाढा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक 1800 11 2356. तो आज जाताना लिहून घ्या आणि शेजारच्या घरात कुणी पोटुशी असेल तर तिला द्या.